दोन सीआयसीएस गटांमधली सामायिक आयपीआयसी जोडणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान झेड-ओएसवर (आयबीएमच्या मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) सीआयसीएस रीजन, म्हणजे व्यवहार हाताळणाऱ्या सीआयसीएस सॉफ्टवेअरच्या चालू प्रती, सांभाळणाऱ्यांसाठी आहे. बोलताना कुणी ‘किक्स’ म्हणतं, कुणी अक्षरं सुटी उच्चारतं. इथे आपण सीआयसीएसच लिहू. आज्ञा आणि व्याख्यांमधले शब्द उच्चाराप्रमाणे दिले आहेत, पडद्यावर ते मूळ रोमन अक्षरांतच टाइप करायचे.

सगळ्या उत्तरांसाठी उदाहरण एकच धरलं आहे. अ गटात चार टर्मिनल रीजन (टीओआर) आहेत. ब गटात तीन अ‍ॅप्लिकेशन रीजन (एओआर) आहेत: बीएओआर१, बीएओआर२, बीएओआर३. दोन्ही गट वेगवेगळ्या सिस्प्लेक्समध्ये (एकत्र जोडलेल्या मेनफ्रेम सिस्टिमच्या समूहात) आहेत. अ गटाने ब गटाकडे काम पाठवायचं, पण ब गटातला नेमका कोणता रीजन ते करतो याची फिकीर अ गटाला नको, अशी मागणी आहे.

आयपीआयसी म्हणजे नेमकं काय, आणि ते कधीपासून आहे?

दोन सीआयसीएस रीजननी टीसीपी-आयपीवरून थेट एकमेकांशी बोलायची पद्धत. सीआयसीएस टीएस ३.२ मध्ये ती आली तेव्हा फक्त दूरच्या प्रोग्रामला लिंक करता येत होतं. ४.१ मध्ये ट्रान्झॅक्शन राउटिंग आणि स्टार्ट आज्ञा आल्या. ४.२ मध्ये फाइल, टेम्पररी स्टोरेज आणि ट्रान्झियंट डेटाच्या विनंत्याही जाऊ लागल्या. एपीपीसी पद्धतीचं संवादात्मक काम (डीटीपी) मात्र आयपीआयसीवरून चालत नाही. त्यासाठी जुनी एसएनए (आयबीएमची स्वतःची नेटवर्क पद्धत) जोडणी ठेवावीच लागते.

एकाच एलपारवर असलेल्या रीजनसाठी हे वापरावं का?

सहसा नाही. एका एलपारमध्ये (मेनफ्रेमच्या एका तार्किक भागात) एमआरओ, म्हणजे टीसीपी-आयपीविना रीजन-रीजन जोडायची सीआयसीएसची पद्धत, स्वस्त पडतं आणि एकाच सिस्प्लेक्समध्ये एक्ससीएफवरून (सिस्प्लेक्सच्या अंतर्गत संदेशवहनावरून) जाणारं एमआरओही आहे. आयपीआयसीची खरी गरज सिस्प्लेक्सची वेस ओलांडताना लागते. अपवाद एक: दूरच्या फाइल आणि टेम्पररी स्टोरेजच्या विनंत्या आयपीआयसीवरून थ्रेडसेफ (अनेक थ्रेडवर एकाच वेळी) जातात, एमआरओवर त्या क्यूआर टीसीबीवर (रीजनच्या एकमेव मुख्य थ्रेडवर) येऊन थांबतात. प्रोग्राम थ्रेडसेफ असतील आणि क्यूआर टीसीबी कोंडलेला असेल, तर एका एलपारमध्येही मोजून बघण्यासारखं आहे. त्या वेळी फाइल ज्याच्या ताब्यात आहे त्या रीजनमध्ये एफसीक्यूआरओन्ली=नो हवं, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

‘सामायिक’ जोडणी आणि साधी जोडणी यांत फरक काय?

साध्या जोडणीत प्रत्येक ग्राहक (काम पाठवणाऱ्या) रीजनला प्रत्येक सर्व्हर (काम करणाऱ्या) रीजनचा पत्ता माहीत असतो. आपल्या उदाहरणात ४ × ३ म्हणजे १२ जोड्या, आणि दोन्ही टोकांच्या मिळून २४ आयपीकॉन (जोडणीच्या एका टोकाच्या) व्याख्या. सामायिक जोडणीत अ गटाला एकच पत्ता दिसतो. त्याच्या मागे कोण आहे ते ब गटाचं ब गट बघतो. याला आयपीआयसी हाय अव्हेलेबिलिटी म्हणतात आणि ग्राहकाच्या आयपीकॉनमध्ये ते एचए(येस) लिहून चालू होतं.

आतून काय होतं ते समजलं तर पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील. ग्राहक आधी सामायिक पत्त्यावर हाक मारतो. टीसीपी-आयपी ती हाक तिघांपैकी एका रीजनच्या पदरात टाकतो. तो रीजन उत्तरात स्वतःचा खास पत्ता आणि पोर्ट कळवतो आणि पुढचे सॉकेट ग्राहक त्या खास पत्त्यावर उघडतो. एका आयपीआयसी जोडणीला एकाहून जास्त सॉकेट लागू शकतात. ते सगळे सामायिक पत्त्यावरून गेले, तर पहिला बीएओआर१ कडे आणि दुसरा बीएओआर३ कडे जाईल, आणि जोडणीच होणार नाही. खास पत्ता त्यासाठीच आहे.

थोडक्यात, दाराबाहेर पाटी एक असली तरी आत गेल्यावर तुम्ही एकाच टेबलासमोर बसता आणि जोडणी तुटेपर्यंत तिथेच बसून राहता.

म्हणजे प्रत्येक विनंती वेगवेगळ्या रीजनकडे वाटली जात नाही?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच मुद्द्यावर होतो. वाटप जोडणी लागते त्या क्षणी, एकदाच होतं. चार टीओआर आणि तीन एओआर असतील तर चांगल्यात चांगलं वाटप २-१-१ होईल. त्यातला एक टीओआर बाकी तिघांच्या दुप्पट काम पाठवत असेल, तर त्याच्या वाट्याला आलेला एओआर तेवढा दमेल आणि बाकीचे दोघं हातावर हात ठेवून बसतील. ग्राहक दोनच असतील तर तिसरा एओआर रिकामाच राहणार.

विनंतीगणिक वाटप हवं असेल तर सामायिक जोडणी हे त्याचं औषध नव्हे. मग प्रत्येक एओआरकडे साधी आयपीकॉन लावा आणि निवड डायनॅमिक राउटिंग प्रोग्रामवर सोडा. सीआयसीएसप्लेक्स एसएम असेल तर डीटीआरपीजीएम=ईवाययू९एक्सएलओपी. व्याख्या जास्त होतात, पण वाटप खरं होतं. आमचं मत विचाराल तर: ग्राहक पुष्कळ, प्रत्येकाचं काम साधारण सारखं, आणि पलीकडचा गट दुसऱ्या टीमच्या किंवा दुसऱ्या संस्थेच्या ताब्यात, अशा ठिकाणी सामायिक जोडणी शोभते. दोन-तीन जाडजूड टीओआर असतील तर नाही.

एकाच ग्राहक रीजनमधून दोन सामायिक आयपीकॉन लावून वाटप सुधारता येईल का?

युक्ती बरी वाटते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. सर्व्हर ग्राहकाला एपीपीएलआयडी (रीजनचं नाव) आणि नेटवर्कआयडी (त्याच्या नेटवर्कचं नाव) या जोडीवरून ओळखतो आणि एका जोडीची एकच जोडणी ठेवतो. दुसरी हाकही नेमकी त्याच एओआरकडे गेली तर ती नाकारली जाईल, आणि ती कुठे जाईल हे तुमच्या हातात नाही.

सर्व्हरच्या बाजूला कोणत्या व्याख्या लागतात?

आधी सिस्टिम इनिशियलायझेशन टेबलमध्ये टीसीपीआयपी=येस हवं आणि रीजनच्या यूजरआयडीला रॅकएफमध्ये (सुरक्षा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ओएमव्हीएस सेगमेंट (यूनिक्स सेवांसाठीची ओळख) हवा. नव्या रीजनमध्ये हा सेगमेंट हमखास राहून जातो.

मग प्रत्येक एओआरमध्ये दोन टीसीपीआयपी-सर्व्हिस (हाका ऐकणाऱ्या पोर्टच्या व्याख्या) लागतात:

सामायिक: आयपीजेन. प्रोटोकॉल(आयपीआयसी), पोर्टनंबर(२०००१), होस्ट म्हणून सामायिक पत्ता, स्पेसिफ-टीसीपीएस(आयपीखास).

खास: आयपीखास. प्रोटोकॉल(आयपीआयसी), पोर्टनंबर प्रत्येक रीजनचा वेगळा (२००११, २००१२, २००१३), होस्ट म्हणून त्या रीजनचा स्वतःचा पत्ता.

दोन्हींत ट्रान्झॅक्शन सीआयएसएस आणि सॉकेटक्लोज(नो) असू द्या. खास सर्व्हिसमध्ये होस्ट(एनी) लिहू नका. ग्राहकाला जो पत्ता कळवायचा आहे, तो कोणता हे तुम्हीच ठरवा, स्टॅकवर (त्या एलपारच्या टीसीपी-आयपीवर) सोपवू नका.

सीएसडी (व्याख्या साठवणारी फाइल) एकच असेल तर एक सोय करून ठेवा. खास सर्व्हिसचं नाव तिन्ही रीजनमध्ये एकच ठेवा, मात्र तिच्या तीन व्याख्या तीन वेगळ्या सीएसडी ग्रुपमध्ये करा आणि प्रत्येक रीजनच्या लिस्टमध्ये त्याचा त्याचा ग्रुप घाला. मग सामायिक सर्व्हिसची व्याख्या तिघांना मिळून एकच पुरते, कारण स्पेसिफ-टीसीपीएसमधलं नाव सगळीकडे तेच असतं. चौथा एओआर आला की एक छोटा ग्रुप वाढवायचा, बस्स.

क्रम पाळा. खास सर्व्हिस आधी उघडी हवी, सामायिक नंतर. उलट झालं तर सामायिक दारावर हाक येते आणि कळवायला खास पत्ताच नसतो.

ग्राहकाच्या बाजूला?

प्रत्येक टीओआरमध्ये एक आयपीकॉन. त्यात होस्ट म्हणून सामायिक पत्ता, पोर्ट(२०००१), एचए(येस), सेंडकाउंट हिशोबाने (पुढे पाहा), ऑटोकनेक्ट(येस), इनसर्व्हिस(येस), आणि परतीसाठी स्वतःच्या टीसीपीआयपी-सर्व्हिसचं नाव. एपीपीएलआयडी म्हणून ब गटातल्या कोणत्याही एका रीजनचं नाव लिहू नका. उत्तर कोण देणार हे ठरलेलंच नाही. गटाला दिलेलं, इतरत्र कुठेही न वापरलेलं नाव द्या.

नाव ठेवताना एक पथ्य. आयपीकॉनचं नाव आठ अक्षरांपर्यंत चालतं, पण प्रोग्राम किंवा ट्रान्झॅक्शनच्या व्याख्येतल्या रिमोटसिस्टिममध्ये चारच अक्षरं मावतात. तिथे वापरायची असेल तर आयपीकॉनचं नाव चार अक्षरीच ठेवा. त्याच नावाची जुनी कनेक्शन व्याख्याही असेल, तर आयपीआयसीला जमणारं काम आयपीकॉनवरून जातं आणि बाकीचं जुन्या वाटेने. एसएनएवरून हळूहळू सरकताना याचा फार उपयोग होतो. आणि ही गोष्ट माहीत नसेल तर ‘मी कनेक्शन बदललं तरी काहीच का बदलत नाही’ म्हणून दिवस जातो.

सर्व्हरच्या बाजूला ग्राहकांसाठी आयपीकॉन हाताने करावेत की ऑटोइन्स्टॉल?

हाक कोणत्याही एओआरकडे जाऊ शकते, म्हणून चारही ग्राहकांच्या व्याख्या तिन्ही एओआरमध्ये हुबेहूब सारख्या हव्यात. हाताने केल्या तर त्या सामायिक ग्रुपमध्येच ठेवा. एका एओआरमध्ये एक व्याख्या चुकली की ‘कधी लागतं, कधी लागत नाही’ असा बिघाड होतो. तो शोधताना डोकं फिरतं, कारण पुन्हा प्रयत्न केला की हाक दुसऱ्या एओआरकडे जाते आणि सगळं ठीक दिसतं.

ऑटोइन्स्टॉल, म्हणजे हाक येताच व्याख्या आपोआप होणं, सोपं आहे: टीसीपीआयपी-सर्व्हिसच्या यूआरएममध्ये (आपल्याला बदलता येणाऱ्या प्रोग्रामच्या नावात) डीएफएचआयएसएआयपी हा असेम्बलरमधला प्रोग्राम मुळातच असतो. कोबोलचा नमुना डीएफएचआयएससीआयपी नावाने मिळतो. पण साचा म्हणून एखादी आयपीकॉन व्याख्या ठरवून दिली नाही, तर नव्या जोडणीला सुरक्षेच्या मूळ किमती लागतात आणि आलेलं काम डीफॉल्ट यूजरच्या नावावर चालतं. चाचणीच्या रीजनमध्ये चालून जाईल. प्रत्यक्ष कामाच्या रीजनमध्ये साचा द्या किंवा यूआरएम(नो) लिहून ऑटोइन्स्टॉल बंदच करा.

हाताने केलेल्या व्याख्येत सर्व्हरने उलट काम पाठवायचं नसेल तर पोर्ट(नो) आणि सेंडकाउंट(०) लिहा. वाहतूक एकाच दिशेने ठेवलेली बरी.

नेटवर्कआयडी रिकामा ठेवला तर चालतं का?

दोन्ही गट एकाच एसएनए नेटवर्कचे असतील तर चालतं. रिकामा ठेवला की सीआयसीएस स्वतःच्या व्हीटॅमचा (एसएनए सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) नेटआयडी धरतो, आणि व्हीटॅम नसेल तर यूओडब्ल्यूनेटक्यूएलची किंमत. गट दोन संस्थांचे असतील तर पलीकडचा नेटआयडी जवळपास नेहमी वेगळा असतो. मग एपीपीएलआयडी बरोबर असूनही ओळख पटत नाही आणि जोडणी नाकारली जाते. सर्व्हरच्या लॉगमध्ये आलेला पूर्ण जोडीचा मजकूर वाचा आणि व्याख्येत तोच स्पष्ट लिहा.

टीसीपी-आयपीच्या प्रोफाइलमध्ये काय लिहायचं?

इथे नेटवर्कवाल्यांना सोबत घ्या. वाटप दोन पातळ्यांवर होतं आणि दोन्ही त्यांच्याच हातात असतात.

पहिली पातळी सिस्प्लेक्स डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे हाका स्टॅकमध्ये वाटणाऱ्या टीसीपी-आयपीच्या सोयीची. आयपीकॉन्फिगमध्ये डायनॅमिकएक्ससीएफ हवं. मग व्हिपाडायनॅमिक गटात सामायिक पत्ता व्हिपाडिफाइनने एका स्टॅकवर, व्हिपाबॅकअपने निदान आणखी एका स्टॅकवर. त्यानंतर वाटपाची ओळ, समजा सामायिक पत्ता १०.१.१.१०० आहे:

व्हिपाडिस्ट्रिब्यूट डिफाइन डिस्टमेथड राउंडरॉबिन १०.१.१.१०० पोर्ट २०००१ डेस्टआयपी ऑल

दुसरी पातळी एका स्टॅकमधली. एकाच एलपारवर दोन एओआर असतील तर दोघांना एकच पोर्ट ऐकायचं आहे. त्यासाठी:

पोर्ट २०००१ टीसीपी बीएओआर* शेअरपोर्ट

शेअरपोर्ट विसरलात तर पहिला रीजन पोर्ट उघडतो आणि दुसऱ्याला ‘पत्ता आधीच वापरात’ म्हणून नकार मिळतो. डीएफएचएसओने सुरू होणारे संदेश बघा. पोर्ट दुसऱ्याच जॉबनावाला राखून ठेवलेलं असेल तरीही सर्व्हिस उघडत नाही, म्हणून जॉबनावाचा साचा नीट जुळवा. खास पोर्ट मात्र ज्याचं त्याच्या जॉबनावावर स्वतंत्र राखा, तिथे शेअरपोर्ट नको.

शेअरपोर्टऐवजी शेअरपोर्टडब्ल्यूएलएम लिहिलं तर एका स्टॅकमधली निवड वर्कलोड मॅनेजरच्या (डब्ल्यूएलएम) सल्ल्याने होते.

राउंडरॉबिन का? बेसडब्ल्यूएलएम किंवा सर्व्हरडब्ल्यूएलएम जास्त हुशार नाहीत का?

छोट्या, पटापट तुटणाऱ्या जोडण्यांसाठी आहेत. वेबच्या विनंत्यांसाठी डब्ल्यूएलएम उत्तमच. पण आयपीआयसीची जोडणी एकदा लागली की दिवसेंदिवस टिकते. वर्कलोड मॅनेजरकडून येणारी वजनं मुळात दर ६० सेकंदांनी ताजी होतात. आयपीएलनंतर (सिस्टिम पुन्हा सुरू केल्यावर) सगळे टीओआर एकदम उठतात आणि मिनिटभराच्या आत जोडून मोकळे होतात. म्हणजे त्या एका मिनिटात कोणती मशीन किती मोकळी होती, यावर पुढच्या आठवड्याचं वाटप ठरतं. जोडण्या थोड्या आणि दीर्घायुषी असतील तर राउंडरॉबिनच सरळ. प्रत्येक एलपारवर सारख्याच संख्येने एओआर ठेवलेत तर हिशोबही सुटसुटीत राहतो, कारण डिस्ट्रिब्युटर आधी स्टॅक निवडतो आणि मग त्या स्टॅकमध्ये रीजनची निवड होते.

दोन खोड्या लक्षात ठेवा. व्हिपाडिस्ट्रिब्यूटवर टाइम्डअफिनिटी लावलेली असेल तर त्या मुदतीत एका आयपी पत्त्यावरून येणाऱ्या सगळ्या हाका एकाच सर्व्हरकडे जातात. तुमचे चारही टीओआर एका एलपारवर असतील तर चौघांचा पत्ता एकच दिसतो, आणि चौघं एकाच एओआरच्या डोक्यावर बसतात. दुसरी खोडी ऑप्टलोकलची: ग्राहक आणि सर्व्हर एकाच स्टॅकवर असतील तर हाक डिस्ट्रिब्युटरला न विचारता तिथल्या तिथे मुरते. ऑप्टलोकल ० म्हणजे शक्यतो कायम स्थानिकच. आपल्या उदाहरणात गट वेगळ्या सिस्प्लेक्समध्ये असल्याने याचा त्रास नाही, पण चाचणी एकाच एलपारवर करणाऱ्यांना वाटप ‘बिघडलेलं’ दिसतं ते यामुळे.

एओआर दुसऱ्या एलपारवर उठवला तर खास पत्त्याचं काय?

खास पत्ता त्या मशीनचा साधा पत्ता असेल तर तो बदलेल. नव्या जोडणीला फरक पडत नाही, कारण उत्तरात नवा पत्ता कळवला जातो. अडचण अर्धवट राहिलेल्या कामांची होते, ज्यांना तोच जुना रीजन परत गाठायचा असतो. म्हणून प्रत्येक एओआरला स्वतःचा डायनॅमिक व्हिपा (एका स्टॅकवरून दुसऱ्यावर हलू शकणारा आभासी पत्ता) द्या: प्रोफाइलमध्ये व्हिपारेंज डिफाइन करून ठेवा आणि खास सर्व्हिसच्या होस्टमध्ये त्या पट्ट्यातला एक पत्ता लिहा. रीजन ज्या स्टॅकवर पोर्ट उघडेल तिथे पत्ता आपोआप उभा राहतो. व्हिपारेंज मात्र ज्या ज्या एलपारवर तो रीजन उठू शकतो त्या सगळ्यांवर हवं.

फायरवॉलवाल्यांना काय सांगायचं?

सामायिक पत्ता आणि पोर्ट, शिवाय प्रत्येक खास पत्ता आणि पोर्ट. आपल्या उदाहरणात चार वाटा. ‘एकच पत्ता उघडायचा आहे’ असं अर्जात लिहून मोकळं झालात तर जोडणी ऑब्टेनिंगमध्ये जाईल आणि परत रिलीज्डवर येईल.

मध्ये नॅट असेल तर जास्त काळजी घ्या. सर्व्हर खास पत्ता आयपीआयसीच्या मजकुरातून कळवतो, पाकिटाच्या मथळ्यातून नव्हे. नॅट फक्त मथळा बदलतं. मग ग्राहकाला सर्व्हरच्या घरातला पत्ता मिळतो, जो बाहेरून गाठताच येत नाही. दोन्ही बाजूंना सारखाच अर्थ असलेले पत्ते वापरणं हा सरळ उपाय.

वापर नसलेले सॉकेट थोड्या मिनिटांनी गुपचूप कापणारे फायरवॉल असतात. रात्रीची शांतता संपून सकाळची पहिली विनंती लटकली, तर आधी तिकडे बोट दाखवा. झेड-ओएसच्या टीसीपीकॉन्फिगमधली कीपअलाइव्हची मुदत मुळात १२० मिनिटं असते, बहुतेक फायरवॉलच्या संयमापेक्षा बरीच लांब. या पोर्टांना फायरवॉलवर सवलत मागून घ्या.

सेंडकाउंट आणि रिसीव्हकाउंट किती ठेवायचं?

सेंडकाउंट ० ते ९९९ आणि रिसीव्हकाउंट १ ते ९९९ मध्ये देता येतो. जोडणी लागताना एका बाजूचा सेंडकाउंट आणि दुसऱ्या बाजूचा रिसीव्हकाउंट ताडून पाहिले जातात आणि लहान आकडा लागू होतो. ग्राहकाकडे १०० आणि सर्व्हरकडे रिसीव्हकाउंट विसरला म्हणून १ राहिला, तर मिळतं एकच सेशन. जोडणी हिरवीगार दिसते आणि काम मुंगीच्या पावलाने चालतं. ‘आयपीआयसी हळू आहे’ अशा तक्रारीत सगळ्यात आधी हे तपासा.

आकड्याचा हिशोब: गर्दीच्या वेळी एका टीओआरकडून सेकंदाला २४० विनंत्या, प्रत्येकीला सरासरी ०.०५ सेकंद. २४० × ०.०५ = १२ सेशन एका वेळी गुंतलेली. अडीचपट मोकळीक धरून ३०.

आता उलट बाजू, जी फार जण करत नाहीत. सामायिक जोडणीत दोन एओआर पडले तर चारही टीओआर उरलेल्याकडे येतील: ४ × ३० = १२० मिरर टास्क (दूरच्या विनंत्या चालवणारे टास्क), त्याच्या स्वतःच्या कामाच्या वर. त्या एओआरची एमएक्सटी (एका वेळी चालू शकणाऱ्या टास्कची मर्यादा) हे सोसेल का? नसेल तर सेशन कमी करा किंवा एमएक्सटी वाढवा. तिघांत वाटून ४० येतील असं गृहीत धरून एमएक्सटी बेतली तर एक रीजन पडल्यावर दुसराही त्याच्यामागोमाग जातो.

क्यूलिमिट आणि मॅक्सक्यूटाइम?

मुळात दोन्ही नो असतात, म्हणजे सेशनसाठीची रांग कितीही वाढू शकते. पलीकडचा एओआर सुस्तावला की अलीकडच्या टीओआरमध्ये टास्क साचतात आणि शेवटी टीओआरच एमएक्सटीला टेकतो. ज्यांचा त्या जोडणीशी काही संबंध नाही असे वापरकर्तेही अडकतात. आमचा सल्ला: क्यूलिमिट सेंडकाउंटच्या आसपास, मॅक्सक्यूटाइम १० ते २० सेकंद. बारीक नियंत्रण हवं असेल तर आयपीआयसीसाठी एक्सआयएसक्यूयूई हे एक्झिट (आपला कोड जोडायची जागा) आहे. एमआरओ आणि एपीपीसीसाठी लिहिलेलं एक्सझेडआयक्यूयूई इथे बोलावलं जात नाही.

सुरक्षेसाठी यूजरऑथ कोणतं?

लोकलमध्ये सगळं काम लिंकच्या यूजरवर चालतं. आयडेंटिफायमध्ये ग्राहकाने फक्त यूजरआयडी पाठवायचा आणि सर्व्हरने विश्वास ठेवायचा. हा विश्वास फुकट मिळत नाही: दोन्ही रीजन एकाच सिस्प्लेक्समध्ये हवेत किंवा जोडणी ग्राहकाच्या सर्टिफिकेटसह एसएसएलवरून हवी. आपले गट वेगळ्या सिस्प्लेक्समध्ये आहेत, तेव्हा आयडेंटिफाय हवं असेल तर टीसीपीआयपी-सर्व्हिसवर एसएसएल(क्लायंटऑथ) आलंच. व्हेरिफायमध्ये पासवर्डही जातो.

एसएसएलचे गुणधर्म सामायिक आणि खास दोन्ही सर्व्हिसवर सारखे ठेवा. ग्राहकाकडे आयपीकॉन एकच आहे, तो दोन दारांवर दोन वेगळे वेश घालू शकत नाही.

जोडणी लागली की नाही, कशी बघायची?

ग्राहकाकडे सीईएमटी (सीआयसीएसची ऑपरेटर आज्ञा) इन्क्वायर आयपीकॉन. अ‍ॅक्वायर्ड दिसलं की झालं. सर्व्हरकडेही तीच आज्ञा द्या, म्हणजे कोणता ग्राहक कुणाकडे उतरला ते कळतं. टीसीपी-आयपीच्या बाजूला डी टीसीपीआयपी,,नेटस्टॅट,व्हीडीपीटी,डीटेल: प्रत्येक स्टॅकसमोर किती ऐकणारे तयार आहेत (आरडीवाय) आणि आतापर्यंत किती जोडण्या दिल्या (टोटलकॉन) ते दिसतं. आरडीवाय ० असेल तर त्या एलपारवरची सामायिक सर्व्हिस उघडलेलीच नाही. डिस्ट्रिब्युटरला दोष देण्याआधी सीईएमटी इन्क्वायर टीसीपीआयपीसर्व्हिस करा.

एक एओआर देखभालीसाठी बंद करायचा आहे. क्रम काय?

आधी त्याची सामायिक सर्व्हिस बंद: सीईएमटी सेट टीसीपीआयपीसर्व्हिस(आयपीजेन) क्लोज्ड. आता नव्या हाका त्याच्याकडे येणार नाहीत. मग ज्या टीओआरच्या जोडण्या त्याच्यावर आहेत, त्या टीओआरमध्ये एकेक करून आयपीकॉन रिलीज्ड आणि पुन्हा अ‍ॅक्वायर्ड. त्या उरलेल्या दोघांपैकी एकाकडे जातील. सगळे हलले की रीजन उतरवा. पुण्या-मुंबईत बसून परदेशातल्या बँकेचे रीजन सांभाळणाऱ्या टीमनी हे काम तिकडच्या मध्यरात्री ठरवावं. रिलीज करताना चालू टास्क संपायची वाट बघावी लागते आणि गर्दीत ती फार लांबते.

एओआर परत आला, पण त्याच्याकडे कुणीच जात नाही. बिघाड आहे का?

नाही. लागलेल्या जोडण्या आपणहून परत फिरत नाहीत. एक-दोन टीओआरमध्ये रिलीज-अ‍ॅक्वायर करून वाटप पुन्हा जमवा. हे ऑटोमेशनमध्ये घालून ठेवणं उत्तम, मात्र सगळ्या टीओआरवर एकाच क्षणी नको.

एओआर अचानक पडला आणि काही युनिट ऑफ वर्क इनडाउट (कायम करायचे की मागे घ्यायचे हे न ठरलेले) राहिले. दुसऱ्या एओआरकडून ते सुटतील का?

सुटणार नाहीत. त्या कामाची नोंद पडलेल्या रीजनच्या लॉगमध्ये आहे. शेजारच्याला त्याची गंधवार्ता नसते. उपाय एकच: पडलेला रीजन आहे त्याच नावाने, आहे त्याच लॉगसह, वॉर्म किंवा इमर्जन्सी स्टार्टने उठवा. घाईत इनिशियल स्टार्ट केलात तर लॉगनेम बदलतं आणि जोडीदाराचा एक्सएलएनअ‍ॅक्शन लागू होतो. मुळातला कीप असेल तर अडकलेली कामं तशीच राहतात. फोर्स असेल तर ट्रान्झॅक्शनच्या व्याख्येत सांगितल्याप्रमाणे कमिट किंवा बॅकआउट होऊन जातात, पलीकडे काहीही झालेलं असो.

सीईएमटी सेट आयपीकॉनला नॉटपेंडिंग देऊन ही कामं झटकून टाकता येतात. ते शेवटचं हत्यार. एका बाजूला पैसे वजा आणि दुसऱ्या बाजूला जमा नाहीत, असा निकाल त्यातून लागू शकतो. आज्ञा देण्याआधी अडकलेल्या प्रत्येक कामाची यादी काढून डेटाच्या मालकाला दाखवा.

आमच्याकडे व्हीटॅमचं जेनेरिक रिसोर्स आहे. हे तेच का?

हेतू तोच, यंत्रणा वेगळी. तिथे जीआरनेमने नोंदलेलं नाव असतं आणि कोण कुणाशी बांधलेला आहे हे कपलिंग फॅसिलिटीतल्या आयएसटीजेनेरिक स्ट्रक्चरमध्ये राहतं. इथे तसा मध्यवर्ती तक्ता नाही. खास पत्ता कळवणं हीच बांधणी. जेनेरिक रिसोर्सवर टर्मिनल लॉगऑन चालत असतील तर ते तसेच राहू द्या, रीजन-रीजनमधली वाहतूक तेवढी आयपीआयसीवर हलवा. दोन्ही एकाच रीजनमध्ये सुखाने नांदतात.

उलट दिशेचं कामही आहे: ब गटाने अ गटात स्टार्ट करायचं असतं. तीच जोडणी वापरू का?

ब गटातून अ गटाकडे वेगळी जोडणी बेता. ज्या कामाला ठरावीक टर्मिनलकडे, म्हणजे ठरावीक टीओआरकडेच परतायचं आहे, त्यासाठी सामायिक पत्ता निरुपयोगी. तिथे प्रत्येक टीओआरची साधी, नावानिशी आयपीकॉन लावा. कुठल्याही टीओआरने केलं तरी चालेल अशा कामासाठी अ गटाला स्वतःचा सामायिक पत्ता देता येईल, वर सांगितलं तेच सगळं उलट्या बाजूने करून.